दोन मॉडेलं, कमोड एकच

प्रश्न : नमस्कार सर. मी नागपुरात धरमपेठच्या एका छोट्या एमईपी (एसी, वीज, प्लंबिंगचं डिझाइन) ऑफिसात प्लंबिंगचं मॉडेलिंग करतो. बेसा रोडकडे सात मजली बिल्डिंग चालू आहे, मजल्यावर चार फ्लॅट, फ्लॅटला दोन टॉयलेट. आर्किटेक्टची रेव्हिट (बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) फाईल आम्ही लिंक करतो, म्हणजे आमच्या फाईलीत नुसती दिसेल अशी जोडतो. त्यात कमोड, बेसिन सगळं लावलेलंच आहे पण त्याला पाईप जोडताच येत नाही, म्हणून मी आमचे कमोड त्यांच्या कमोडवर नेऊन बसवले. आता प्लॅनमध्ये एकावर एक दोन-दोन दिसून राहिले आणि बीओक्यूत (सामानाच्या मोजणीच्या यादीत) 56 च्या जागी 112 कमोड आले. इतवारीतून सॅनिटरीवाल्याने फोन करून विचारलं, भाऊ हॉटेल बांधून राहिले का? वरून आर्किटेक्ट दर आठवड्याला काहीतरी सरकवतो आणि सांगत नाही. रेव्हिटचं कॉपी-मॉनिटर (लिंकमधल्या वस्तूची आपल्या फाईलीत प्रत काढून, मूळ हललं की कळवणारी सोय) वापरू का? ऑफिसात दोन मतं आहेत.
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : हॉटेलचा प्रश्न आवडला, आणि खरं म्हणजे त्या माणसाने तुमचे पैसेच वाचवले.

पाईप जुळत नाही यात तुमची चूक नाही. लिंकमधलं सामान म्हणजे काचेपलीकडचं सामान, दिसतं, मोजता येतं, पाईप त्याच्यापर्यंत नेऊन टेकवताही येतो, पण जोडता काही येत नाही. त्यातून आर्किटेक्टच्या कमोडच्या फॅमिलीत (रेव्हिटमधल्या तयार वस्तूच्या साच्यात) बहुतेकदा कनेक्टर, म्हणजे पाईप जोडायचं तोंड, नसतोच, त्याला कशाला हवा, दार उघडताना कमोड आडवा आला नाही की त्याचं काम झालं. पूर्वी रेव्हिटची आर्किटेक्चर, स्ट्रक्चर आणि एमईपी अशी तीन वेगळी पॅकेजं होती, 2013 च्या आवृत्तीपासून सगळं एकात आलं, पण सवयी अजून तीन घरच्या तीन आहेत.

आता मुद्द्याचं. कॉपी-मॉनिटर वापरा, पण बटण दाबायच्या आधी आर्किटेक्टला फोन करा आणि ठरवा की कमोड कोणाचा. माझं मत असं की जागा आर्किटेक्टची आणि जोडणी तुमची. म्हणजे कमोड कुठे बसणार हे तो सांगणार, तुम्ही परस्पर एक इंचही सरकवायचा नाही, आणि मोजणी फक्त तुमच्या मॉडेलमधून होणार. एवढं मेलवर लिहून घ्या. हे ठरलं नाही तर कुठलंही सॉफ्टवेअर तुमचं भांडण सोडवणार नाही.

मग लेव्हल (मजल्यांच्या उंचीच्या रेषा) आणि ग्रिड (आखणीच्या रेषा) आधी कॉपी-मॉनिटर करा, लिंक पिन करून टाका म्हणजे ती चुकून हलणार नाही. त्यानंतर कोऑर्डिनेशन सेटिंगमध्ये प्लंबिंग फिक्स्चरवर या. तिथे दोन रस्ते आहेत. ओरिजिनल कॉपी केलं तर आर्किटेक्टचीच बिनकनेक्टरची फॅमिली तुमच्याकडे येते आणि तुम्ही पुन्हा होते तिथेच. दुसरा रस्ता टाइप मॅपिंगचा, त्याचा अमका कमोड म्हणजे आपला तमका कमोड अशी जोडी लावायची आणि मग बॅच कॉपी, म्हणजे सगळे एकदम. तुमच्या कनेक्टरवाल्या फॅमिल्या आधी लोड करून ठेवा नाहीतर जोडी लावायला समोर काही दिसणारच नाही. आणि हो, आत्ता हाताने बसवलेले 56 आधी उडवा, नाहीतर एकावर एक तीन होतील.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी पहिल्यांदा सगळ्यांनाच चावते. फॅमिलीचा ओरिजिन, म्हणजे ज्या बिंदूवर धरून ती बसते तो. त्याच्या कमोडचा ओरिजिन भिंतीला टेकलेल्या पाठीवर आणि तुमच्याचा आउटलेटच्या मध्यावर असेल, तर बॅच कॉपीनंतर कमोड भिंतीत घुसलेला दिसतो. दोन्ही फॅमिल्या उघडा, ओरिजिन सारखा करा, आणि आधी एकाच टॉयलेटवर ट्राय करा, सगळ्या 56 वर एकदम नको.

भिंतीला होस्ट होणारी, म्हणजे भिंतीच्याच आधाराने बसणारी फॅमिली लिंकमधल्या भिंतीवर बसत नाही, फेस-बेस्ड (कुठल्याही पृष्ठभागावर चिकटणारी) बसते. पण आर्किटेक्टने ती भिंत उडवून नवीन काढली की फेस-बेस्डवाली अधांतरी लटकते. म्हणून बेसिनला फेस-बेस्ड ठीक, जमिनीवरच्या कमोडला मी सरळ लेव्हलवरचीच वापरतो.

दोन-दोन दिसणं बंद करायला व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये रेव्हिट लिंक्सच्या टॅबवर जा, आर्किटेक्टच्या लिंकला कस्टम करा, मॉडेल कॅटेगरीत प्लंबिंग फिक्स्चरची टिक काढा. हे व्ह्यू टेम्प्लेटमध्ये (सगळ्या व्ह्यूंना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) टाका, नाहीतर प्रत्येक शीटवर तेच करत बसाल. पण नुसतं लपवून 112 चे 56 होणार नाहीत, कारण शेड्यूल, म्हणजे रेव्हिटची मोजणीची यादी, ती व्ह्यूमध्ये काय दिसतं ते बघत नाही. शेड्यूलच्या सेटिंगमध्ये लिंकमधले एलिमेंट मोजायची एक टिक आहे, तुमच्याकडे ती कोणीतरी चालू केलेली दिसते, ती काढा.

सरकवतो आणि सांगत नाही, यावर. लिंक रीलोड केली की कोऑर्डिनेशन रिव्ह्यू करा असा इशारा येतो आणि आपली पोरं तो बघायच्या आधीच बंद करतात. मॉनिटर म्हणजे तुमचा कमोड आपोआप पळत जाणं नव्हे, तो फक्त सांगतो की समोरचा हलला. रिव्ह्यूमध्ये पुढे ढकला, नाकारा, फरक मान्य करा किंवा तुमचा हलवा, असे पर्याय येतात. सगळ्यात धोक्याचं 'फरक मान्य', कारण दाबलं की यादी रिकामी होते आणि छान वाटतं पण कमोड तिथेच राहतो. तिथूनच रिपोर्ट निघतो, तो दर शनिवारी आर्किटेक्टला पाठवा, तिसऱ्या शनिवारी तो स्वतःहून फोन करायला लागेल. आणि त्याला एक विनंती करा, कमोड बदलायचा तर डिलीट करून नवीन टाकू नको, आहे त्याचाच टाइप बदल, कारण डिलीट केला की तुमच्याकडचा धागा तुटतो, आणि नवा त्या धाग्याला बांधलेला नसतो.

आता लेव्हल, ज्यावर साइटवर खरी भांडणं होतात. आर्किटेक्टची लेव्हल बहुतेक फिनिशची असते, स्ट्रक्चरवाल्याची स्लॅबची, मध्ये टाइल आणि मसाल्याचे 50 ते 75 मिलिमीटर. समजा 300 मिलिमीटरचा सनकन (टॉयलेटखाली खोल घेतलेला स्लॅब) आहे आणि त्यातून 110 चा पाईप 3 मीटर जातो. 40 ला 1 उतार म्हणजे 75 मिलिमीटर खाली गेला, पाईप धरून 185 संपले, उरले 115, त्यात बेंड आणि नहाणी ट्रॅप बसवायचा. तुम्ही चुकीच्या लेव्हलवरून 60 ने खाली गेलात तर उरलेल्यातले निम्मे गेले, आणि प्लंबर मग स्लॅब छिन्नीने फोडतो. स्क्रीनवर हे कुठेच लाल होत नाही, सेक्शन कापून स्वतःच बघावं लागतं.

अजून एक, समोरासमोरचे फ्लॅट आर्किटेक्ट मिरर करतो. बेसिनची फॅमिली मिरर झाली की तिचे कनेक्टरही फिरतात, डावीकडचं गरम उजवीकडे जातं. मे महिन्यात नागपुरात कोणाच्या लक्षात येणार नाही, गच्चीवरच्या टाकीमुळे दोन्ही नळांना गरमच येतं, पण डिसेंबरात बोंब होईल. मिरर झालेले बेसिन एकेक तपासा.

प्रश्न : कूलरचा पॉइंट कोणत्या मॉडेलमध्ये टाकायचा? आर्किटेक्ट टाकत नाही, आम्ही विसरतो, आणि पझेशननंतर लोक बाल्कनीतून पाईप ओढतात.
— तोच वाचक

उत्तर : आर्किटेक्टची वाट बघू नका, कूलर त्याच्या मॉडेलमध्ये कधीच येणार नाही. प्लंबिंग फिक्स्चर कॅटेगरीत तुमची स्वतःची छोटी फॅमिली करा, थंड पाण्याचा 15 मिलिमीटरचा एक कनेक्टर, बाकी नुसता डबा. मॅपिंगशी तिचा संबंध नाही, ती पूर्ण तुमची, आणि शेड्यूलमध्ये वेगळी ओळ येऊ द्या. बाल्कनीत ओव्हरफ्लोसाठी नहाणी ट्रॅपही ठेवा, आणि डबा टाकताना इलेक्ट्रिकलवाल्यांना दाखवा, कारण त्यांचा प्लग पॉइंट नेमका नळाच्या खाली येतो, मी तीन बिल्डिंगांत बघितलंय.