वाढते वय आणि शब्दकोड्यांचे कसब

प्रश्न : माझे वय ७१ आहे. मी अनेक वर्षे रोज शब्दकोडे सोडवतो आणि त्यात नातीच्या पुढे असतो. परंतु विस्कटलेल्या अक्षरांतून ठरावीक वेळात शब्द जुळवण्याच्या खेळात ती मला सहज हरवते. हल्ली माहीत असलेला शब्दही जिभेवर येऊन अडतो. माझी बुद्धी मंदावते आहे का? रोज कोडी सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळेल का?

उत्तर : आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टी एकाच वयात सुखाने नांदतात. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन भाग मानले होते : नव्या प्रश्नाची झटपट उकल करणारी बुद्धी आणि आयुष्यभराच्या वाचन-अनुभवातून साचत गेलेली बुद्धी. पहिली तरुणपणानंतर हळूहळू उतरू लागते, तर शब्दसंग्रह साठीपर्यंत आणि अनेकांच्या बाबतीत त्यानंतरही टिकून राहतो. शब्दकोड्याला मुख्यतः हा साठा लागतो. घड्याळ लावून अक्षरे जुळवण्याला वेग लागतो. त्यामुळे नातीची सरशी ही आपल्या बुद्धीच्या ऱ्हासाची खूण मानू नये.

शब्द जिभेवर अडतो तेव्हा त्याचा अर्थ मनात पूर्ण जागा असतो, परंतु अर्थापासून उच्चारापर्यंतचा दुवा क्षीण झालेला असतो. वयानुसार हे अधिक वेळा घडते आणि विशेषनामांच्या बाबतीत सर्वांत जास्त. पहिले अक्षर मिळताच शब्द बहुधा सुटतो, आणि कोड्यात आडव्या शब्दाने उभ्या शब्दाला दिलेले अक्षर नेमके हेच काम करते. म्हणून अडलेली जागा सोडून पुढे जावे आणि मग परत यावे, हा जुना रिवाज मला अगदी शास्त्रशुद्ध वाटतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सावधपणे द्यावे लागते. हॅम्ब्रिक, सॉल्टहाउस आणि माइन्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये १८ ते ८० वयाच्या व्यक्तींवरील चार अभ्यास प्रसिद्ध केले. कोडी सोडवण्याच्या दीर्घ सरावामुळे तर्कशक्तीची वयोमानानुसार होणारी घसरण कमी होते, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सौम्य बौद्धिक दुर्बलता (म्हणजे वयाच्या मानाने अधिक विस्मरण, परंतु स्मृतिभ्रंश नव्हे) असलेल्या १०७ जणांपैकी शब्दकोडी सोडवणाऱ्यांची कामगिरी ७८ आठवड्यांनंतर संगणकीय बुद्धिखेळ खेळणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, परंतु काहीच न करणारा तिसरा गट तिथे नव्हता, आणि आजार टळतो असे त्यावरून म्हणता येत नाही.

आपण कोडी अवश्य सोडवावीत, कारण त्यांत आपल्याला गोडी आहे. लक्ष ठेवायचे ते आपल्याच पूर्वीच्या कामगिरीवर, नातीच्या वेगावर नव्हे. नेहमी सहज सुटणारी कोडी काही महिन्यांत सुटेनाशी झाली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, किंवा ओळखीच्या वस्तूंची साधी नावेही सतत सुचेनाशी झाली, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. त्यासोबत श्रवणशक्तीही तपासावी, कारण कमी ऐकू येणे अनेकदा विस्मरणासारखे भासते आणि त्यावर उपायही आहेत.