मानेचा पट्टा: कधी लावायचा, कसा सांभाळायचा

प्रश्न : सिग्नलला थांबलेल्या माझ्या गाडीला मागून धडक बसली. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं नाही. मेडिकलमधून फोमचा पट्टा आणला, तीन आठवडे दिवसरात्र लावला. आता काढला की डोकं जड वाटतं, मान धरत नाही. अजून किती दिवस लावू? (सातारा)

उत्तर : आणखी लावू नका. हाड शाबूत असताना फोमचा मऊ पट्टा मानेची हालचाल फारशी थांबवत नाही. ऊब देतो, जपून वागायची आठवण करून देतो, एवढंच. पहिले दोन-तीन दिवस दुखणं फार असेल तर ठीक, पण पुढे मानेच्या आतले, डोकं तोलणारे स्नायू काम न मिळाल्याने सैल पडतात. तुम्हाला जाणवणारा जडपणा बहुधा त्याचाच आहे.

पट्टा एकदम सोडायची गरज नाही. आज रात्री झोपताना काढा, उशी एकच आणि पातळ घ्या. उद्यापासून घरात, पाठीला टेका देऊन बसलेले असताना सकाळ-संध्याकाळ एकेक तास काढून ठेवा आणि रोज वेळ वाढवत न्या. प्रवासातला पट्टा सर्वात शेवटी सुटू द्या. आठवड्याभरात तो कपाटात जायला हवा.

सोबत व्यायाम: मान डावीकडे, मग उजवीकडे, हलका ताण जाणवेल इतकीच वळवा. प्रत्येकी पाच वेळा, दिवसातून तीन-चारदा. नंतर तळवा कपाळावर टेकवून डोक्याने पाच सेकंद दाबा, पण डोकं जागचं हलू देऊ नका. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी करा. व्यायामानंतर थोडं दुखून तासाभरात शांत झालं तर काळजी नाही. कळ खांद्याखाली हातात उतरली, बोटांना मुंग्या आल्या, हातातून वस्तू निसटू लागल्या तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वडील (वय 74) बाथरूममध्ये पडले. मानेच्या दुसऱ्या मणक्याला फ्रॅक्चर आहे. ऑपरेशन न करता कडक कॉलर बारा आठवडे ठेवायला सांगितली आहे. हनुवटीखाली लाल झालंय, जेवताना ठसका लागतो. थोडा वेळ कॉलर काढली तर चालेल का? (नांदेड)

उत्तर : नाही. वरचं उत्तर बाबांना लागू नाही. इथे हाड जुळेपर्यंत मणका जागेवर ठेवण्याचं काम कॉलर करते, त्यामुळे बसलेले किंवा उभे असताना ती काढायचीच नाही.

लाली आधी तपासा. बोटाने दाबल्यावर पांढरी पडून परत लाल होत असेल तर त्वचा अजून सावरू शकते. दाबूनही रंग बदलत नसेल किंवा साल निघाली असेल तर ती दाबाची जखम आहे, लगेच कळवा. हनुवटी, जबड्याचे कोपरे, गळपट्टीची हाडं आणि डोक्याची मागची बाजू रोज दोनदा बघा. मागची बाजू नेमकी विसरली जाते.

लाली बहुतेकदा घामामुळे, दाढीच्या खुंटांमुळे किंवा सैल कॉलर घासल्यामुळे होते. हनुवटी कॉलरच्या पुढच्या खोलगट भागात नीट टेकलेली हवी. ती आत घसरत असेल तर कॉलर सैल आहे किंवा माप मोठं आहे. पावडर लावू नका, ओलाव्याने तिच्या गुठळ्या होऊन त्या टोचतात.

सफाईची रीत हॉस्पिटलमधून प्रत्यक्ष शिकून घ्या, मगच करा. बाबा उशीशिवाय सपाट, कडक गादीवर. एकाने डोक्यामागे राहून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं, नाक छताकडे आणि बेंबीच्या रेषेत. दुसऱ्याने फक्त पुढचा भाग काढून ओल्या फडक्याने पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं, दाढी करायची आणि तो भाग परत बसवून पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या ओढायच्या. मागच्या भागासाठी अख्खं अंग एकसंध कुशीवर वळवावं लागतं, त्याला तिसरं माणूस लागतं. माणसं कमी असतील तर त्या दिवशी मागचा भाग राहू द्या आणि हॉस्पिटलला कळवा.

आतले पॅड सुटे असतील तर दोन संच ठेवा. साध्या साबणाने धुऊन टॉवेलात दाबून सावलीत वाळवा. फिलाडेल्फिया नावाच्या, फोमच्या दोन भागांच्या कॉलरमध्ये पॅड सुटत नाहीत, तिथे दुसरी कॉलरच हाताशी लागते.

ठसका हलका घेऊ नका. कॉलरमुळे मान किंचित मागे राहते आणि गिळणं अवघड होतं, वयस्कर माणसांना जास्त. जेवताना ताठ बसवा, ताट छातीच्या उंचीला आणा, घास लहान द्या. कोरडी भाकरी नको, आमटीत कुस्करलेली चालेल. पातळ पदार्थांनाच ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज ओलसर येत असेल किंवा ताप आला तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी दाखवा.

आणखी एक. कॉलरमध्ये स्वतःचे पाय दिसत नाहीत. पायपुसणी उचला, उंबरठ्याशी आणि जिन्यावर हात धरा, संडासात कमोडची खुर्ची ठेवा. दुसऱ्यांदा पडणं फार महागात जाईल. आणि बारा आठवडे झाले म्हणून घरीच कॉलर काढू नका. तपासणी आणि फोटो बघून डॉक्टरच ती काढतील. हातपाय लुळे वाटले, चालताना तोल गेला, लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र तारखेची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या, कॉलर न काढता.

प्रश्न : पट्टा लावून स्कूटर चालवू का? ऑफिस जवळच आहे. (पनवेल)

उत्तर : नको. मान वळत नसताना मागची गाडी दिसत नाही, वर हेल्मेटचं वजन. मागे बसूनही नको, स्पीडब्रेकरचा धक्का तितकाच बसतो. रिक्षापेक्षा बस किंवा कार बरी, पुढच्या सीटवर डोक्याला टेका देऊन.