डिझेल पिकअप सकाळी लवकर सुरू होत नाही, दिवसभर मात्र चालते: दोष कसा शोधावा?

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावरच सुरू होते आणि नंतर दिवसभर त्रास देत नाही, असे आपण लिहिले आहे. सेल्फ जोमाने फिरत असेल, तर सेल्फ मारताना सायलेन्सरकडे पाहावे. कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते, पण पेटत नाही. अशा वेळी हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे), त्यांचा रिले (त्यांना वीज देणारा स्विच) आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचे प्रमाण) तपासावे. धूर अजिबात नसेल, तर लाइन एअर घेत असण्याची, म्हणजे डिझेलच्या नळीत कुठून तरी हवा शिरत असण्याची शक्यता अधिक. सकाळी सेल्फ मारण्याआधी डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबावा. तो सुरुवातीला पोकळ लागून हळूहळू कडक झाला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर डिझेल रात्रीतून टाकीकडे उतरते, असे समजावे. फिल्टरनंतरच्या कमी दाबाच्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडल्यास बुडबुडे स्पष्ट दिसतात. दोषी बहुधा फिल्टरचे वॉशर किंवा सैल क्लिप असते; इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) उघडायची घाई मेकॅनिकला करू देऊ नये. कॉमन रेल इंजिनाचा (ज्यात सर्व इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून डिझेल मिळते) जास्त दाबाचा पाइप सेल्फ मारताना कदापि सैल करू नये, कारण डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.