नोकरी लागली, टिकणार कशी? : दिव्यांगांच्या रोजगाराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी 22 वर्षांची आहे, मध्यम बौद्धिक अक्षमता आहे. विशेष शाळा 18 व्या वर्षी सुटली. तेव्हापासून एका संस्थेच्या कार्यशाळेत ती पणत्या रंगवते, पाकिटं करते. बाहेर नोकरी मिळवून देणारी चांगली संस्था कशी ओळखायची?
– एक पालक, सातारा

संस्थेत गेलात की आजवर किती मुलांना नोकरी लावली, हा आकडा तुम्हाला न विचारता सांगितला जाईल. तुम्ही विचारायचं ते वेगळं : वर्षापूर्वी लागलेल्यांपैकी आज किती जण कामावर आहेत, आणि ज्यांचं काम सुटलं ते कशामुळे? या प्रश्नाला नीट उत्तर देणारी संस्था लहान असली तरी चालेल.

दुसरा प्रश्न, कामाच्या जागी मुलीबरोबर कोण जातं? कार्यशाळेत शिकलेलं काम दुसऱ्या जागी आपोआप जमेल, हे बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही. टेबल बदललं, वजनकाटा बदलला की हात थांबतात. म्हणून प्रशिक्षण प्रत्यक्ष कामाच्या जागी व्हायला हवं आणि त्यासाठी जॉब कोच लागतो. तो आधी स्वतः ते काम करून बघतो, त्याचे बारीक टप्पे पाडतो आणि मग शिकवतो.

फरसाणाच्या दुकानात 250 ग्रॅमची पाकिटं भरण्याचं काम घ्या. पिशवी उघडणं, घमेल्यातून माप भरणं, पिशवीत ओतणं, काट्यावर ठेवणं, कमीजास्त करणं, सील करणं, खोक्यात लावणं असे सात टप्पे झाले. मुलीला आकडे वाचता येत नसतील तर काट्याच्या तबकडीवर 250 च्या खुणेपाशी हिरवी पट्टी चिकटवायची. काटा पट्टीत आला की बरोबर. मोजता येत नसेल तर दहा खाचांचा ट्रे द्यायचा. खाचा भरल्या की दहा झाले. शिकवताना शेवटच्या टप्प्यापासून मागे यायचं, म्हणजे पहिल्याच दिवशी खोक्यात पाकीट लावून काम पुरं ती करते. गरम सीलिंग मशीनचा टप्पा मात्र सर्वांत उशिरा द्यावा.

चूक होते ती तोंडी सूचनांत. ‘आता उचल, आता ठेव’ असं सतत सांगितलं की मुलगी काम शिकण्याऐवजी आवाजाची वाट पाहायला शिकते, आणि ही सवय सोडवणं फार अवघड जातं. बोटाने खूण करावी, चित्रांची पट्टी समोर लावावी आणि तीही हळूहळू कमी करत न्यावी. पहिले दोन आठवडे कोच पूर्णवेळ, पुढे अर्धा दिवस, मग आठवड्यातून एकदा, असा आधार कमी होत गेला पाहिजे. पण तो पूर्ण तुटू नये. नोकरी सुटते ती बऱ्याचदा काम जमत नाही म्हणून सुटत नाही. सुपरवायझर बदलतो, नव्याला काही माहीत नसतं, जेवणाच्या सुट्टीत कुणी चिडवतं, कामाची पाळी (शिफ्ट) बदलते. अशा वेळी दुकानदाराने फोन करावा असा माणूस संस्थेकडे आहे का, तेही विचारून घ्या.

प्रवास वेगळा शिकवावा लागतो. आधी तिच्या शेजारी बसून, मग बसमध्ये चार सीट मागे बसून, मग ती उतरते त्या थांब्यावर उभं राहून. ‘बस आलीच नाही तर’ आणि ‘फोन बंद पडला तर’ या दोन्हींची तालीम मुद्दाम करून घ्या.

पगार तिच्याच नावाच्या खात्यात जाऊ द्या. मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, म्हणून बँक कधी कधी अडून बसते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व मिळतं आणि बँकांनी ते प्रमाणपत्र मानायचं असतं. पण मुलीला सही येत असेल आणि पैसे काढणं म्हणजे काय हे कळत असेल, तर केवळ खात्यासाठी पालकत्वाची घाई करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जे तिला स्वतः करता येतं ते तिच्या हातून काढून घेऊ नका.

प्रश्न : पती महापालिकेत लिपिक आहेत. रेटिनायटिस पिग्मेंटोसामुळे दृष्टी कमी होत चालली आहे. वरिष्ठ ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या’ म्हणतात. घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

घेऊ नये. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चं कलम 20 वाचा. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेला कामावरून काढता येत नाही की खालच्या पदावर नेता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. तेही शक्य नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं. ‘शासकीय आस्थापना’ या व्याख्येत महापालिका येते. मात्र राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज स्वतःहून दिला की हीच बाजू लंगडी पडते.

आता करायचं ते असं. यूडीआयडी (दिव्यांगांचं विशिष्ट ओळखपत्र) पोर्टलवर अर्ज करून दिव्यांगत्व प्रमाणपत्र घ्या. कायद्यातल्या बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात. मग कलम 20 चा उल्लेख करून कामात बदल, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि प्रशिक्षणासाठी सवड मागणारा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, आणि पुढे पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे.

प्रशिक्षण आजच सुरू करा, थोडं दिसतंय तोवर. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मराठीही वाचतं. अडचण येते ती स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आणि जुन्या, युनिकोडमध्ये नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फायलींत. स्कॅनमधली अक्षरं आधी ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) मजकुरात आणावी लागतात आणि जुन्या फाँटच्या फायली युनिकोडमध्ये. म्हणून अर्जात ‘कार्यालयीन पत्रव्यवहार युनिकोडमध्ये मिळावा’ अशी मागणी नक्की घाला. माउस बाजूला ठेवून सगळं कीबोर्डवर करायची सवय लावा. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांचं केंद्र यांच्याकडे या विषयाची जाण असलेली माणसं आहेत. रेटिनायटिसमध्ये अंधारात आणि कडेचं दिसणं आधी जातं, तेव्हा पांढऱ्या काठीचं प्रशिक्षणही लांबवू नका. काठीची लांबी जमिनीपासून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत असावी.

प्रश्न : माझ्या कारखान्यात 35 कामगार आहेत. कर्णबधिर मुलं घ्यायची आहेत. काय तयारी करू?
– एक उद्योजक, छत्रपती संभाजीनगर

शक्य असेल तर दोघं एकदम घ्या. दिवसभर बोलायला कुणीच नसणं हे एकट्या कर्णबधिर कामगाराने काम सोडण्याचं मोठं कारण असतं. वांद्र्याची कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि शीव येथील नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर फॉर डिफरंटली एबल्ड हे दिव्यांगांसाठीचं रोजगार केंद्र, इथे चौकशी करा. मुलाखतीला आणि रुजू होण्याच्या दिवशी भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषा हवाच. सांकेतिक भाषेत वाढलेल्या पुष्कळांना लांब मराठी वाक्यं वाचणं अवघड जातं, त्यामुळे ‘फलकावर लिहिलं होतं’ एवढ्यावर भागत नाही. काम करून दाखवा, मग त्यांच्याकडून करून घ्या. ‘समजलं का?’ याला मान हलवणं म्हणजे समजणं नव्हे.

सुरक्षेसाठी भोंग्याच्या जोडीला लुकलुकणारे दिवे लावा, स्वच्छतागृहातही लावा. तिथेच ते लावायचे राहून जातात. फोर्कलिफ्टच्या वाटेवर वळणाला आरसे लावा. आग लागली तर कुणी कुणाला हात लावून बाहेर न्यायचं, ते नावानिशी ठरवा.

तुमच्याकडे 20 पेक्षा जास्त कामगार आहेत, त्यामुळे दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार ते सांगणारं, तपशीलवार समान संधी धोरण करून लावणं तुम्हाला बंधनकारक आहे. ईएसआयसाठी (कर्मचारी राज्य विमा) दिव्यांग कामगारांची वेतनमर्यादा 21,000 नसून 25,000 रुपये आहे, हे तुमच्या हिशेबनिसाला सांगा. आणि ‘ट्रेनी’ म्हणून वर्षानुवर्षं कमी पैशांत ठेवू नका. काम सारखं तर पगारही सारखा द्या.

प्रश्न : मणक्याला दुखापत झाल्यापासून व्हीलचेअरवर आहे. वसतिगृह असलेलं प्रशिक्षण कुठे मिळेल?
– वय 26, सांगली

कोल्हापूरच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेपासून सुरुवात करा. तुम्हाला जवळ पडेल. जाण्याआधी फोनवरच शौचालयाच्या दाराची रुंदी विचारा आणि आपल्या खुर्चीची मोजून ठेवा. उताराचं प्रमाण 1:12 हवं, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या पायरीला 3.6 मीटर लांब उतार. त्याहून चढा असेल तर एकट्याने चढणं अवघड जातं.

संगणक, टॅली, शिलाई यांपैकी काहीही शिका, पण आठ तास बसण्याची तयारी त्याआधी करा. संवेदना नसलेल्या भागावर जखम झाली की महिनोन्‌महिने पालथं पडून राहावं लागतं आणि लागलेलं काम हातचं जातं. दर 15-20 मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचला किंवा पुढे झुका. खुर्चीच्या गादीतला साधा फोम लवकर दबतो. कुणाला तरी तुमच्या बैठकीखाली गादीच्या तळाशी हात घालून पाहायला सांगा. हाड आणि हात यांच्यामध्ये इंचभर जाडी उरली नसेल तर गादी बदला. रोज रात्री आरशात त्वचा तपासा, आणि दाबल्यावरही न जाणारी लाली दिसली तर ती जाईपर्यंत त्या भागावर बसू नका.