'कोर्ट'च्या शेवटी जज साहेब झोपलेले काऊन दाखवले?

प्रश्न : मागच्या रविवारी घरी सगळ्यांनी मिळून 'कोर्ट' पाहिला. पिक्चर संपला तरी कोणी जागचं उठलंच नाही, सगळ्यांना वाटलं अजून बाकी आहे. सासरे म्हणाले डायरेक्टरला शेवट सुचलाच नाही म्हणून असा सोडून दिला. मिस्टरांचं म्हणणं, कोर्टात अंधार होतो तिथंच संपवायला पाहिजे होता, पुढचा रिसॉर्टचा सीन उगाच. नणंद जिल्हा कोर्टात वकील आहे, ती काहीच बोलली नाही, उठून किचनमध्ये गेली. मला फक्त एवढंच सांगा की कांबळेंचं पुढे काय झालं, आणि शेवटी जज साहेब बेंचवर झोपलेले काऊन दाखवले?
– एक वाचक, मनीष नगर, नागपूर

उत्तर : ताई, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा २०१४ चा, व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला गाजला, नंतर राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुंबईतल्या गटारात उतरणारा एक कामगार मरतो आणि केस लागते नारायण कांबळे नावाच्या म्हाताऱ्या शाहिरावर, की तुझं गाणं ऐकून त्याने आत्महत्या केली. मग तारखा, तारखा आणि तारखा.

कांबळेंचं काय झालं हे सिनेमा सांगत नाही, म्हणून मीही अंदाज लावणार नाही. पण जेवढं दाखवलंय तेवढं तर पक्कं आहे ना. एकदा बेल मिळते, बाहेर येतात, पुन्हा उचलतात, या वेळी यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवायांविरुद्धचा कडक कायदा, लावतात, आणि तब्येत बरी नसलेल्या माणसाला बेल नाकारून कोर्ट महिनाभर उन्हाळ्याच्या सुट्टीवर जातं. म्हणजे आपण टीव्ही बंद करतो तेव्हा कांबळे आतच आहेत. निकालच लागला नाही तर डायरेक्टर तो दाखवणार कुठून, सासऱ्यांना एवढं नक्की सांगा.

आता तो अंधार. खोली रिकामी होते, एकेक लाइट बंद होतात, स्क्रीन काळी पडते आणि बराच वेळ तशीच राहते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही तुमच्या मिस्टरांसारखंच वाटलं होतं, की बस, इथंच थांबा. दुसऱ्यांदा पाहिल्यावर मत बदललं. अंधारात संपला असता तर आपण एक सुस्कारा टाकला असता, 'काय बाप्पा आपली न्यायव्यवस्था' म्हटलं असतं आणि जेवायला बसलो असतो. पुढच्या सीनमुळेच तर तुमच्या घरी कोणी उठलं नाही.

रिसॉर्टवर आपल्याला तोच माणूस दिसतो, फक्त काळा कोट नाही. जज सदावर्ते साहेब वाईट माणूस म्हणून रंगवलेलेच नाहीत. गप्पा मारतात, आयटीवाल्यांच्या पगाराबद्दल बोलतात, ओळखीच्यांच्या मुलाला बोलायला त्रास आहे त्याची आपुलकीने चौकशी करतात आणि सल्ला देतात की थेरपिस्ट वगैरे नको, अंकशास्त्रवाल्याला दाखवा. मनापासून देतात हो! याच माणसाने आधी एका बाईची केस नुसती तिने स्लीव्हलेस घातलं म्हणून ऐकायला नकार दिला होता, आठवतंय? तेव्हाही त्यांना आपण नियमाने चाललोय असंच वाटत होतं.

मग बेंचवर डुलकी लागते, पोरं हळूच येतात, सगळी मिळून एकदम ओरडतात आणि पळतात. साहेब दचकून उठतात आणि एकाला चापट मारतात, बस, परत डोळे मिटतात. ओरडले सगळे, मार पडला एकाला.

माझ्या मते अख्खा सिनेमा त्या चापटेत आहे. त्यासाठी मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष पुन्हा बघा. ती किती शांतपणे सांगते, की नवऱ्याला मास्क वगैरे काही मिळत नव्हतं, वासापायी दारू पिऊन उतरायचा, आधी मॅनहोलमध्ये खडा टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर समजायचं आत हवा आहे, मग उतरायचं. झुरळ बघून जीव खाली टाकणारा माणूस! त्याच्या मरणाला किती जण जबाबदार असतील, ज्याने सामान दिलं नाही तो, ज्याने माणसाला गटारात उतरवण्याची पद्धत चालू ठेवली तो, असे कितीतरी, पण त्यातलं कोणी पिंजऱ्यात उभं नाही. उभा आहे तो शाहीर, कारण तो हाताशी सापडला. रिसॉर्टवरच्या पोराचंही तेच झालं. कोण ओरडलं, कोणी सुरुवात केली, काही विचारणं नाही, अर्धवट झोपेत निकाल दिला आणि झोप पुढे चालू. माणूस मनाने क्रूर नसतानाही हे होऊन राहिलंय, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

दुसरे लोक हा सीन वेगळाही वाचतात, की व्यवस्थाच झोपली आहे असं डायरेक्टरला म्हणायचंय. चूक नाही, पण मग झोपलेला जज पुरेसा होता, चापट कशाला ठेवली असती?

आणखी एक गोष्ट, आपण नागपूरचे म्हणून. कांबळे झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने इथंच गेले. ती बातमी आली त्या रात्री मी सिनेमा परत लावला होता आणि ते स्टेजवर गायला लागले तिथंच बंद करावा लागला, पुढे बघवलंच नाही.

नणंदबाईंना मात्र एकदा निवांत विचारा, की सुट्टीच्या तोंडावर बेल रिजेक्ट झाली की बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या घरच्यांना काय सांगावं लागतं. मला वाटतं त्या किचनमध्ये गेल्या त्या याच आठवणीने.