फिगर विकत घेण्याआधी खिडकीतून काय बघायचं?

या वेळचे सगळे प्रश्न सुपरहिरोंच्या ॲक्शन फिगर्सचे आहेत. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला साचेवाला. त्यामुळे उत्तरं चेहऱ्यापेक्षा सांध्यांकडे जास्त झुकतील, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : राजारामपुरीत एकाच हिरोच्या दोन सहा इंची फिगर्स पाहिल्या. एक हजाराच्या आत, दुसरी तीन हजारांच्या वर. दुकानदार बॉक्स उघडू देत नाही. बाहेरून पारख कशी करायची? (वाचक, शाहूपुरी)

घाई केली नाही तर बॉक्सची खिडकी पुरते. आधी डोळे बघा. डोळे आणि भुवया बहुतेक वेळा सिलिकॉनच्या पॅडने, म्हणजे मऊ शिक्क्याने, छापतात. पॅड केसभर सरकला तरी बुबुळ पापणीवर चढतं आणि हिरो तिरळा होतो. अलीकडे बऱ्याच फिगर्सवर डिजिटल छपाईचे चेहरे येतात. नाकाजवळ धरलं तर बारीक ठिपके दिसतात, पण हातभर अंतरावरून चेहरा जिवंत वाटतो. शेल्फवर त्याच फिगरचे चार बॉक्स असतील तर चारही काढून शेजारी शेजारी धरा. एकाच साच्यातून आलेल्या चौघांचे चेहरे चार तऱ्हेचे निघतात. दुकानदार वैतागेल. वैतागू दे, पैसे तुमचे आहेत.

मग रंगाची हद्द बघा. पोलादी साचा महाग असतो, म्हणून कंपन्या एकच धड अनेक हिरोंना वापरतात. डोकं नवं, रंग नवा, खाली शरीर तेच. यात गैर काही नाही. पण छातीवर कोरलेली शिवण एकीकडून जाते आणि रंगवलेला पट्टा दुसरीकडून, असं दिसलं की समजायचं, हे अंग दुसऱ्याच कुणासाठी घडवलं होतं. स्पायडरमॅन असेल तर जाळी तपासा. ती कोरलेली आहे की नुसती छापलेली? खांद्यावरून दंडावर जाताना रेघेला रेघ मिळते का? पाठीकडे जाळी आहे ना, की पुढेच संपली? आयर्न मॅनच्या बाबतीत चिलखत उजेडात तिरकं धरा. चमक प्लास्टिकमध्येच मिसळलेली असेल तर साच्यात माल जसा वाहत गेला तसे भोवरे पृष्ठभागावर उमटतात. वरून रंग मारलेला असेल तर ते दिसत नाहीत.

किमतीवरून मात्र दर्जा ठरवू नका. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्के. तुमच्या तीन हजारांतला बराच वाटा कारागिरीचा नसू शकतो.

प्रश्न : बॉक्सवर ‘30 पेक्षा जास्त सांधे’ असं छापलंय. जितके जास्त तितकं चांगलं ना? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, गोकुळ शिरगाव)

नाही. आकड्याचं आकर्षण जुनं आहे. 1964 मध्ये हॅस्ब्रोने जी. आय. जो हा बारा इंची सैनिक बाजारात आणला, त्याचे 21 हलणारे भाग हाच कौतुकाचा विषय होता. पण सांधा आहे हे एक आणि तो कामाचा आहे हे दुसरं. कोपर दुहेरी, म्हणजे दोन ठिकाणी वाकणारं असेल तर मूठ खांद्याला टेकली पाहिजे. गुडघा दुहेरी असेल तर टाच मांडीच्या मागे लागली पाहिजे. नसेल लागत, तर तो सांधा बॉक्सवर छापण्यापुरताच आहे.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित सांधा घोट्याचा. नुसता पुढे-मागे नाही, बाजूलाही कलणारा. पाय फाकवून उभं केल्यावर दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले तर फिगर तासन्‌तास उभी राहते. घोटा कलत नसेल तर ती तळव्याच्या कडेवर तोल सांभाळते आणि पंख्याच्या वाऱ्याने पडते.

आता खरी गंमत. प्रत्येक सांधा शिल्पाचा एक तुकडा खातो. पोटाला पुढे वाकणारा सांधा दिला की पोटाचे स्नायू मधोमध कापले जातात. छातीच्या आतून खांदा पुढे येऊ देणारा सांधा दिला की हात जोडता येतात, तलवार दोन्ही हातांत धरता येते, पण हात मागे नेला की छातीत फट पडते. खांदा उचलला की पाठीचा कोणता स्नायू कुठे सरकतो, हे तालमीत चार दिवस काढलेल्या कोल्हापूरकराला सांगायला नको. चांगला शिल्पकार काप तिथेच टाकतो, स्नायूंच्या नैसर्गिक घडीत, किंवा पोशाखाच्या शिवणीवर, पट्ट्याखाली, हातमोज्याच्या कडेला. फिगर सरळ उभी असताना सांधे शोधावे लागले तर ती भारी.

आणि पात्रही बघा. स्पायडरमॅनला बेडकासारखं बसता आलंच पाहिजे, तिथे थोडं शिल्प गेलं तरी चालेल. हल्कला वेटोळं घालायचं नसतं. त्याला कमी सांधे आणि अखंड छाती द्या.

एक बारीक खूण सांगतो. गुडघ्या-कोपराच्या बाजूला गोल पिनेचं तोंड दिसतं का, आणि तिचा रंग कातडीच्या रंगाशी जुळतो का? गेल्या काही वर्षांत पिन न दिसणारे सांधे आलेत. उघड्या हातापायांच्या हिरोंमध्ये त्याने फार फरक पडतो.

प्रश्न : मी फाउंड्रीत आहे. फिगरच्या दोन्ही बाजूंनी बारीक रेघ दिसते, ती आमच्या पार्टिंग लाईनसारखीच. हा दोष धरायचा का? आणि हातात जड लागते ती मजबूत, हे खरं का? (वाचक, शिरोली)

रेघ तीच आहे. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे ती येणारच. बोट फिरवल्यावर जाणवत नसेल तर दोष धरू नका. नख अडकत असेल, कडेला पातळ पापुद्रा लोंबत असेल, तर साचा झिजलाय किंवा नीट मिटलेला नाही. तुमच्याकडे असलं कास्टिंग फेटलिंगला, म्हणजे जादा कडा काढून साफ करायला, परत गेलं असतं. रेघ कुठून नेली हेही बघा. चेहऱ्यावरून, गालाच्या मधून जात असेल तर डिझाइनच आळशी. कानामागून, केसांतून गेली असेल तर कुणीतरी विचार केला आहे.

वजनाचं म्हणाल तर लोखंडाच्या गावात जड म्हणजे चांगलं, हा समज पक्का आहे. काही महागड्या चिलखती फिगर्समध्ये जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग असतात आणि हातात घेतल्यावर ते छान वाटतात. पण सगळा भार कमरेच्या आणि घोट्याच्या सांध्यांवर येतो. हे सांधे दातेरी, टक-टक आवाज करत थांबणारे नसतील, तर सहा महिन्यांत हिरो गुडघ्यात झुकतो. जड अंगाला नुसत्या घर्षणावर चालणारे सांधे असतील तर घेऊ नका.

प्रश्न : नव्या फिगरचा गुडघा अडकलाय. जोर लावू का? (सातवीतला वाचक, कागल)

अजिबात नको. रंग सुकताना सांध्यात चिकटलेला असतो. तू जोर लावलास की रंग सुटत नाही, आतली पिन पिळून तुटते. पाणी गरम करायचं, पण उकळतं नको, आणि हे घरातल्या मोठ्यांकडून करून घे. गुडघा मिनिटभर पाण्यात धरायचा, मग हळूच मागे-पुढे. वाकडी झालेली तलवार किंवा पोटरीही अशीच सरळ होते. फक्त सरळ धरून लगेच गार पाण्यात बुडवायची, म्हणजे आकार धरते. आवाजाची किंवा दिव्याची फिगर असेल तर पाण्याजवळ नेऊ नकोस.

प्रश्न : पावसाळ्यानंतर कपाटातल्या फिगर्स चिकट झाल्या. माल खराब निघाला का? (वाचक, गगनबावडा)

लगेच तसं म्हणू नका, आणि पावसालाही दोष देऊ नका. या फिगर्सचे मऊ भाग बहुतेक पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. बंद, हवा न खेळणाऱ्या आणि उष्ण जागेत ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश एवढ्याने निघतं. सावलीत पूर्ण सुकवा, कारण काही सांध्यांत धातूची पिन असते आणि ती गंजते. नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, त्याने रंग जातो आणि एबीएस या कडक प्लास्टिकचे भाग विरघळतात. कपाटाचं दार अधूनमधून उघडं ठेवा. महागड्या फिगर्सही यातून सुटत नाहीत.

प्रश्न : नातू चार वर्षांचा आहे. महाद्वार रोडवर शंभर-दीडशेत असाच हिरो मिळतो. घेऊ का? (आजी, मंगळवार पेठ)

आजी, आधी पुठ्ठ्यावर आयएसआयचं चिन्ह बघा. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून ते सक्तीचं आहे. नसेल तर परत ठेवा. असेल तर हात-पाय हलकेच ओढून बघा, एखादा निघून आला तर तो तोंडात जाणार. उग्र वास, नखाने सुटणारा रंग, टोचणारी कड, यातलं काहीही असेल तर नको. आणि वर ज्यांचं मी कौतुक केलं त्या फिगर्सही त्याला देऊ नका. त्यांच्यासोबत सुटे पंजे आणि बारीक शस्त्रं येतात. नातवाला जाड अंगाची, चार-पाच सांध्यांची फिगर बरी. आपटली तरी टिकते.

प्रश्न : केप कापडाची असावी की प्लास्टिकची? (वाचक, इचलकरंजी)

हा प्रश्न इचलकरंजीहूनच यायला हवा होता. सहा इंची फिगर म्हणजे सहा फुटी माणसाचा बारावा भाग. कापडाचं सूत मात्र बारा पटींनी बारीक होत नाही. म्हणून साधं कापड खांद्यावर घोंगड्यासारखं बसतं आणि शिवण दोरखंडासारखी दिसते. कापडाची केप घ्यायची तर विणकाम अगदी बारीक, कापड सैल लोंबणारं, आणि कडेत तार घातलेली हवी, म्हणजे हवा तसा झोळ देता येतो. कडा दुमडून शिवलीय की नुसती कापलीय हे बघा, कापलेली वर्षभरात उसवते.

प्लास्टिकच्या केपला घड्या सुंदर येतात, पण त्या एकाच पोझच्या. शिवाय तिचं वजन मागे ओढतं. बॅटमॅनच्या बऱ्याच फिगर्स केप जमिनीला टेकवूनच उभ्या असतात. दुकानात शक्य झालं तर केपचं टोक बोटाने उचलून बघा. फिगर मागे पडली तर तिच्यासाठी स्टँडचे पैसे वेगळे धरा.