संरचना ओळखायची की ठरवायची?

प्रश्न असा आहे: पदवीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक-पुस्तिकेचा अनुवाद करताना एका भागाला 'अज्ञात कार्बनी संयुगांची संरचना ओळखणे' असं शीर्षक दिलं. तपासणाऱ्यांनी 'ओळखणे' खोडून 'निश्चित करणे' केलं. बरोबर कोण?

माझ्या मते दोन्ही क्रियापदं हवीत, पण त्यांची कर्मं वेगळी. संयुग ओळखतात, संरचना, म्हणजे रेणूत कोणता अणू कोणाला जोडलेला आहे ते, ठरवतात. प्रयोगशाळेतही ही दोन निराळी कामं आहेत, म्हणून शब्दांची अदलाबदल केली की अर्थही बदलतो.

ओळखायला आधीची ओळख लागते. आपण आवाज ओळखतो, अक्षर ओळखतो, कारण ते कधीतरी ऐकलेलं-पाहिलेलं असतं. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला पुडीत मिळणारा 'अननोन' याच जातीचा. तो फक्त त्या विद्यार्थ्याला अज्ञात. पुस्तकातल्या तक्त्यात त्याचं नाव, द्रवणांक (वितळण्याचं तापमान), क्रियात्मक गट (रेणूतला अभिक्रिया ठरवणारा अणूंचा गट) सगळं छापलेलं असतं. सोडियमबरोबर वितळवून नायट्रोजन, गंधक, हॅलोजन आहेत का ते बघायचं, क्रियात्मक गट शोधायचा, द्रवणांक घ्यायचा आणि तक्त्याशी ताडून पाहायचं. द्रवणांकावर मात्र एकट्यावर विसंबू नये. युरिया आणि सिनॅमिक आम्ल दोन्ही १३३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. पण दोन्ही एकत्र खलून नळीत भरा, मिश्रण बरंच आधी वितळू लागतं. म्हणून हाती आलेल्या पदार्थात खात्रीचा नमुना मिसळून पाहतात. द्रवणांक ढळला नाही तर पदार्थ तोच. ही ओळख पटवणं झालं, आणि 'ओळख पटणे' हा वाक्प्रचार इथे अगदी चपखल बसतो.

आता दुसरं काम. त्यासाठी एथिल अल्कोहोल परकं आहे असं धरून चालू. घटकांचं विश्लेषण केलं: कार्बन ५२.१ टक्के, हायड्रोजन १३.१, उरलेला ऑक्सिजन. रेणुवस्तुमान ४६. यावरून दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन असं रेणुसूत्र येतं. इथवर हिशोब आहे, त्यामुळे क्रियापद 'काढणे': क्षेत्रफळ काढतात, सरासरी काढतात, तसं सूत्र काढतात. पण हेच सूत्र डायमिथिल ईथरचंही आहे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, ईथर उणे २४ अंशांना. अणूंची जोडणी कार्बन–कार्बन–ऑक्सिजन अशी की कार्बन–ऑक्सिजन–कार्बन अशी, हे हिशोबाने कळत नाही, त्याला साक्षीपुरावे लागतात. अवरक्त वर्णपटात (पदार्थ कोणते अवरक्त किरण शोषतो त्याच्या आलेखात) ३३०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास रुंद पट्टा दिसला तर ऑक्सिजनला हायड्रोजन जोडलेला आहे. एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपणाऱ्या तपासणीत, हायड्रोजनचे तीन संकेत ३:२:१ प्रमाणात आले तर अल्कोहोल; ईथरचे सहाही हायड्रोजन सारखेच, म्हणून संकेत एकच. अशा पुराव्यांवरून निर्णय द्यायचा. याला 'ठरवणे' म्हणावं.

'ठरवणे'मध्ये आणखी एक सोय आहे: ठरवलेलं बदलता येतं. कोलेस्टेरॉलचं रेणुसूत्र एकोणिसाव्या शतकातच हाती आलं होतं. त्याच्या आणि पित्तातल्या आम्लांच्या रचनेवरच्या कामासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ वीलँड यांना १९२७चं आणि विंडाउस यांना १९२८चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा मांडलेली रेणूतल्या कार्बनच्या वलयांची जुळणी मात्र चुकीची होती. १९३२ मध्ये स्फटिकांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ बर्नाल यांनी स्टेरॉल वर्गातल्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातल्या, संयुगांच्या स्फटिकांची क्ष-किरणांनी मोजमापं घेतली, तर तो रेणू मांडलेल्या रचनेत मावेना. रचना त्याच वर्षी दुरुस्त झाली. संयुग ओळखण्यात इथे कुणाचीच गफलत नव्हती. बाटलीत कोलेस्टेरॉलच होतं.

यावर आक्षेप येईल की प्रश्नपत्रिकेत 'अ, ब आणि क ओळखा' असतंच की. असू द्या. तिथे 'ओळखा पाहू' मधला, खुणांवरून तर्क करण्याचा अर्थ आहे, आणि कर्मही संयुगच आहे. वर्णपट देऊन 'संरचना ओळखा' म्हटलं तरी विद्यार्थी गोंधळणार नाही, पण चार आकृत्यांतून एक निवडायची आहे असा त्याचा समज होऊ शकतो.

'ठरवणे'ऐवजी 'उलगडणे' लेखात छान वाटतं, पुस्तिकेच्या शीर्षकात जरा नाटकी. तपासणाऱ्यांचं 'निश्चित करणे' चुकीचं नाही, फक्त सरकारी परिपत्रकासारखं जड आहे; नामच हवं असेल तर 'संरचनानिश्चिती' चालेल.

तेव्हा पुडीतल्या पदार्थांच्या प्रात्यक्षिकांना 'दिलेले कार्बनी संयुग ओळखणे' आणि वर्णपटांवरच्या उदाहरणांना 'वर्णपटांवरून संरचना ठरवणे' अशी दोन शीर्षकं करा. पुस्तिकेत दोन्ही प्रकार एकाच भागात घातले असतील, तर तो भागही दोन तुकड्यांत छापायला सुचवा.